अंश दिसतो, छेद दिसत नाही

जून महिना लागला की आमच्या कामरगावात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पावसाची आणि दुसरी निकालांची. पेरणी केव्हा करावी असे इथल्या शेतकऱ्याला विचारले, तर तो जमिनीची ओल पाहतो, मागचे हंगाम आठवतो, घरात बियाण्याच्या किती थैल्या आहेत हे मोजतो आणि दुबार पेरणीची पाळी आलीच तर पैसा कोठून उभा करायचा याचाही हिशेब मनात करून ठेवतो. अनिश्चिततेशी व्यवहार करण्यात त्याचे आयुष्य गेलेले असते. पण हाच शेतकरी संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन टेकतो आणि विचारतो, "सर, पोराचा नंबर लागन काय?" तेव्हा मात्र त्याच्याजवळ कसलाही हिशेब नसतो. असते ती केवळ आशा, आणि शहरातून कोणीतरी सांगितलेला एक आकडा.

मी अर्थशास्त्र शिकवतो; प्रवेशप्रक्रियेचा जाणकार नव्हे. तथापि खेड्यात एम.ए. झालेल्या माणसाला सर्व काही कळते असे गृहीत धरलेले असते, आणि त्यामुळे गेली काही वर्षे हा प्रश्न मला टाळता आलेला नाही. जो जो विचार करावा तो तो असे वाटू लागले की हा प्रश्न भाबडा नाही. आयआयटी, वैद्यकीय महाविद्यालय किंवा एखादे नामांकित विद्यापीठ यांच्या दाराशी मुलाला उभे करणे ही शेतकरी कुटुंबाने केलेली बहुधा सर्वात मोठी गुंतवणूक असते. अकोला, नांदेड, लातूर किंवा थेट कोटा येथील शिकवणीचे शुल्क, खोलीभाडे, खानावळ आणि मुलाच्या आयुष्यातील दोन-तीन वर्षे असे भांडवल त्यात घातले जाते. परताव्याची शक्यता किती, हे विचारण्याचा त्या बापाला पूर्ण अधिकार आहे. दुर्दैव एवढेच की त्याला उत्तर देणारे बहुतेक लोक उत्तर विकणारे असतात.

निकालानंतर तालुक्याच्या गावी चौकाचौकांत फलक लागतात. त्यांवर तीस-चाळीस हसऱ्या मुलामुलींची छायाचित्रे असतात, प्रत्येकाखाली गुण आणि क्रमांक असतो. आपण शाळेत अपूर्णांक शिकलो तेव्हा रेघेच्या वर अंश आणि खाली छेद असतो हे शिकलो होतो. या फलकांवर नुसता अंश असतो. चाळीस मुले यशस्वी झाली, पण बसली किती, हे लिहिलेले नसते. चारशेतून चाळीस आणि चार हजारांतून चाळीस यांतील फरक म्हणजेच शक्यता, आणि नेमकी तीच फलकावरून गाळलेली असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणीवर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. यशस्वी विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम किती काळासाठी घेतला होता हे जाहिरातीत सांगणे त्यांनी आवश्यक ठरवले. चांगली गोष्ट झाली. पण अपयशी मुलांची संख्या छापा असे अद्याप कोणी कोणाला सांगितलेले नाही, आणि ती आपण होऊन कोण छापणार?

आता छेद शोधायला बसलो तरी तो एक नसतो. २०२४ साली जेईई मेन ही परीक्षा चौदा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. त्या वर्षी सर्व आयआयटी मिळून जागा होत्या १७,७४०. म्हणजे सुमारे ऐंशीत एक. हा आकडा ऐकून गावातला माणूस हबकतो. परंतु पुढची, म्हणजे ॲडव्हान्स्ड परीक्षा प्रत्यक्ष देणारे होते १,८०,२००. तेथून मोजले तर दहात एक. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि कामरगावच्या एका विशिष्ट मुलाच्या दृष्टीने दोन्ही निरुपयोगी आहेत. चौदा लाखांत नाव घालण्यापुरते बसलेले पुष्कळ असतात; एक लाख ऐंशी हजारांत वर्षानुवर्षे घोकून आलेले पुष्कळ असतात. सरासरी विद्यार्थी नावाचा प्राणी कोणत्याही खोलीत परीक्षेला बसलेला नसतो. मुलगा सध्या कोठे उभा आहे हे कळल्यावाचून सबंध देशाचे प्रमाण सांगणे म्हणजे विदर्भातील सरासरी पाऊस सांगून एखाद्याच्या विहिरीतील पाण्याचा अंदाज करण्यासारखे आहे.

त्यातच पर्सेंटाइल नावाचा गोंधळ. मागच्या वर्षी एक गृहस्थ पेढे घेऊन आले. मुलाला नव्वद मिळाले होते. त्यांच्या मनातले नव्वद हे दहावीचे नव्वद होते, शंभरपैकी नव्वद. पर्सेंटाइल म्हणजे आपल्या मागे शंभरातील किती जण आहेत याची गणती. तिचा गुणांच्या टक्केवारीशी संबंध नाही. चौदा लाखांच्या परीक्षेत नव्वद पर्सेंटाइल म्हणजे आपल्या पुढे एक लाख चाळीस हजार मुले उभी आहेत. नव्व्याण्णव आले तरी चौदा हजार पुढे असतात. मी पेढा घेतला. त्या वेळी हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि पंधरा दिवसांनी प्रवेशाच्या याद्यांनी ते सांगितले तेव्हा माझ्या भिडस्तपणाचे मला वाईट वाटले.

गुणांवरून अंदाज बांधण्याची सवयही अशीच फसवी आहे. २०२४ च्या नीट परीक्षेत ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे प्रथम सदुसष्ट जाहीर झाले आणि सुधारित निकालात सतरा उरले. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, सबंध देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण होते ६८६. म्हणजे ६९० गुणांचा विद्यार्थी एका वर्षी हजारोंच्या मागे असतो आणि दुसऱ्या वर्षी देशात पहिला आला असता. मागील साली शेजारच्या मुलाला इतक्या गुणांवर प्रवेश मिळाला, मग आपल्यालाही मिळेल, हा ओट्यावरचा युक्तिवाद येथे कोसळतो. तुलना करायचीच तर क्रमांकाची करावी. आयआयटी आणि एनआयटी यांच्या संयुक्त प्रवेशयंत्रणेत, जिला जोसा म्हणतात, प्रत्येक संस्थेतील प्रत्येक शाखेचा पहिला आणि शेवटचा क्रमांक फेरीगणिक प्रसिद्ध होतो. तो पाहण्यास पैसे पडत नाहीत. तरीही हेच आकडे रंगीत कागदावर छापून समुपदेशनाच्या नावाखाली विकले जातात आणि आमची माणसे ते विकत घेतात.

शिवाय दारे वेगवेगळी आहेत. एनआयटीतील निम्म्या जागा त्या त्या राज्यातील मुलांसाठी असतात, म्हणून नागपूरच्या एनआयटीत आमच्या मुलाला जी संधी आहे ती त्याच क्रमांकावर वरंगळला किंवा सुरतेला नाही. आयआयटीत मुलींची संख्या वाढावी म्हणून २०१८ पासून त्यांच्यासाठी अधिसंख्य जागा निर्माण झाल्या. भाऊ आणि बहीण एकाच क्रमांकावर असले तरी दोघांची शक्यता सारखी नसते. राज्यातील वैद्यकीय प्रवेशात पूर्वी सत्तर-तीसचे सूत्र होते. सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना आणि तीस टक्के बाहेरच्यांना. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झाले. मराठवाड्याची ती जुनी मागणी होती आणि तिच्यात न्याय नव्हता असे मी म्हणणार नाही. सांगायचे एवढेच की मुलगा तोच, त्याचे गुण तेच, पण मंत्रालयात एक ओळ बदलली आणि त्याची शक्यता बदलली. २०२४ मध्ये वाशीम, अमरावती आणि बुलढाणा येथे शंभर-शंभर जागांची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, तेव्हा ती पुन्हा एकदा बदलली. शक्यता ही मुलाच्या डोक्यात साठवलेली वस्तू नाही. ती मुलगा, नियम आणि जागा या तिघांच्या मध्ये कोठेतरी असते.

येथवर लिहिले ते अतिआशेविषयी. परंतु माझ्या मते आमच्या भागाचे अधिक मोठे नुकसान दुसऱ्याच चुकीमुळे होते, आणि ती दिसत नाही म्हणून तिच्याविषयी कोणी बोलत नाही. ती चूक मी स्वतः केलेली आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी दिल्लीतील अर्थशास्त्राच्या एका प्रख्यात संस्थेचा प्रवेशअर्ज मी टपालाने मागवला होता. तो आला, कपाटात राहिला आणि मुदत संपली. आमच्या महाविद्यालयातून तेथे आजवर कोणी गेल्याचे ऐकिवात नव्हते, त्यावरून माझी शक्यता शून्य असे मी ठरवून टाकले होते. अनेक वर्षांनी वर्गात संभाव्यता शिकवताना ध्यानात आले की गणित चुकले होते. कोणी गेले नव्हते हे खरे, पण कोणी अर्जही केला नव्हता. वर शून्य आणि खालीही शून्य. शून्याला शून्याने भागले तर उत्तर शून्य येत नाही. उत्तरच येत नाही. मला प्रवेश मिळाला असता असा माझा दावा नाही. बहुधा मिळाला नसता. पण ते सांगण्याचा अधिकार त्या संस्थेचा होता, आणि तो मी परस्पर वापरला.

ही केवळ आमच्याकडची गोष्ट नव्हे. कॅरोलाइन हॉक्सबी आणि ख्रिस्तोफर एव्हरी या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की गरीब घरांतील अत्यंत हुशार मुलांपैकी बहुसंख्य मुले निवडक विद्यापीठांकडे अर्जच करीत नाहीत. वास्तविक मिळणारी मदत लक्षात घेता ती विद्यापीठे त्यांना जवळच्या सामान्य महाविद्यालयापेक्षा स्वस्त पडली असती. अर्ज न करणारी ही मुले मोठ्या शहरांपासून दूर, विखुरलेली राहतात आणि त्या विद्यापीठात शिकलेला शिक्षक किंवा शाळासोबती त्यांच्या पाहण्यात नसतो. हे वाचताना मला कारंजा तालुक्याचे वर्णन वाचतो आहे असे वाटले. पुढे हॉक्सबी यांनी सारा टर्नर यांच्यासह अशा मुलांना दरडोई सहा डॉलर खर्चून माहितीची पाकिटे पाठवली आणि फरक पडला. पण कॉलेज बोर्डाने तशाच स्वरूपाचा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर केला, तेव्हा परिणाम जवळपास शून्य आला. याउलट मिशिगन विद्यापीठाने गरीब घरांतील हुशार मुलांना नेमके एवढेच लिहून कळवले की प्रवेश मिळाल्यास चार वर्षे शिक्षणशुल्क माफ राहील. अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण २६ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेले. या मुलांपैकी बहुतेकांना शुल्कमाफी तशीही मिळालीच असती. नवीन होते ते फक्त आधी दिलेले निश्चित वचन.

आपल्याकडे त्या वचनाची गरज अधिक आहे. आयआयटीचे शुल्क वर्षाला दोन लाख हे गावात सर्वांना ठाऊक असते. २०१६ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना, तसेच एक लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना ते शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या कुटुंबांना दोन-तृतीयांश माफ आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. आणि माफी असूनही दारातच पाय कसा अडकतो याचे उदाहरण २०२४ मध्ये देशाने पाहिले. उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका रोजंदार मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. ती स्वीकारण्यासाठी भरावयाचे १७,५०० रुपये जमेपर्यंत मुदत टळली. परीक्षा देण्याची त्याची ती दुसरी आणि शेवटची संधी होती. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. लाखो मुलांना मागे टाकणाऱ्या मुलाची शक्यता साडेसतरा हजारांपाशी थांबली होती. कोणत्या कोष्टकात हा धोका मांडलेला असतो?

माहिती एकटी पुरत नाही, माणूस लागतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारे या गावचे राजू केंद्रे टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकले आणि २०२१ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसमध्ये गेले. त्यांनी उभी केलेली 'एकलव्य' ही संस्था घरातील पहिल्याच पदवीधरांना नामांकित विद्यापीठांच्या अर्जापासून मुलाखतीपर्यंतची वाट दाखवते. त्याहून मागे जायचे तर आमच्यापासून फार दूर नसलेल्या पापळचे पंजाबराव देशमुख १९२० च्या दशकात विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले आणि त्यांनी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. एकाच्या जाण्याने मागच्यांच्या अपूर्णांकात पहिल्यांदा शून्याखेरीज काहीतरी लिहिले जाते.

आता अर्थशास्त्राचा एक धडा, कारण तो येथे थेट उपयोगी आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशाविषयी एक छोटा निबंध लिहिला. विद्यार्थ्यांच्या पसंती आणि महाविद्यालयांचे गुणानुक्रम यांची सांगड कशी घालावी, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी सुचवलेल्या पद्धतीत विद्यार्थ्याने आपला पसंतीक्रम मनापासून जसा आहे तसाच लिहिला तर त्याचे कधीही नुकसान होत नाही. या परंपरेतील कामासाठी शॅप्ली आणि ॲल्व्हिन रॉथ यांना २०१२ मध्ये नोबेल मिळाले. २०१५ पासून जोसाचे जागावाटप याच तत्त्वावर चालते. वरच्या पसंतीची जागा मिळाली नाही म्हणून खालच्या पसंतीवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. तेथेही तुमचा क्रमांकच पाहिला जातो.

असे असताना आमच्याकडे काय होते? विकल्प भरण्याचे काम संगणक केंद्रावरील मुलाकडे सोपवले जाते आणि तो सद्भावनेने 'जे लागेल ते' सर्वात वर टाकतो. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या पसंतीची जागा पहिल्याच फेरीत मिळाली की ती आपोआप कायम होते, मग पुढच्या फेरीत सुधारणा नाही. ज्या मुलीला पुण्यात किंवा नागपुरात जागा मिळाली असती, ती सुरक्षितपणाच्या हव्यासाने जवळच्या कोणत्याही महाविद्यालयात कायमची बसते, आणि आपण काय गमावले हे तिला कधी कळतही नाही. म्हणून मी आता येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की पसंतीची यादी लिहिताना शक्यतेचा विचारच करू नका. इच्छेचा क्रम लावा. शक्यतेचे काम यंत्र करील.

शक्यतेचा विचार करायचा तो दुसऱ्या ठिकाणी, किती वर्षे आणि किती पैसा घालायचा हे ठरवताना. जेईई ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते. ही मर्यादा मला पूर्वी जाचक वाटे, आता ती दयाळू वाटते. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि २०२२ पासून वयाची वरची मर्यादाही उरलेली नाही. चौथ्यांदा, पाचव्यांदा बसणारी मुले मी पाहिली आहेत. इतका खर्च झाला, आता मागे कसे फिरायचे, हे त्यांच्या वडिलांचे वाक्य असते. अर्थशास्त्रात त्याला बुडीत खर्च म्हणतात; तो पुढच्या निर्णयात धरायचाच नसतो. शेतात हे त्यांना पक्के कळते. दुबार पेरणीही उलटली तर तिसरी करायची की रान तसेच ठेवून रब्बीची तयारी करायची, हे ते आत गेलेल्या बियाण्याकडे पाहून ठरवत नाहीत, आभाळाकडे आणि महिन्याकडे पाहून ठरवतात. मुलाच्या बाबतीत हे शहाणपण कोठे जाते? माझी सूचना इतकीच असते की थांबण्याचा टप्पा पहिल्या परीक्षेआधी, मन शांत असताना, वहीत लिहून ठेवावा. अमुक क्रमांकाच्या आत नाही आले तर दुसऱ्या वर्षी बसायचे नाही. आणि त्याच वहीत, त्याच दिवशी, आणखी पाच दारे लिहावीत. विज्ञान संशोधनाच्या आयसर संस्था, कृषी विद्यापीठे, २०२२ पासून सामायिक परीक्षेने भरणारी केंद्रीय विद्यापीठे. यांपैकी अर्ध्या नावांचा उच्चारही आमच्या गावात झालेला नसतो.

गेल्या वर्षी शेजारची एक मुलगी अशी वही घेऊन आली होती. वाशीम जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे हे तिने कोठेतरी वाचले होते आणि त्याचा फायदा गुणांत मिळतो का, असे तिने मला विचारले. मिळत नाही, असे मी सांगितले. मग आम्ही तिघे, ती, तिचे वडील आणि मी, संगणक केंद्रावर गेलो. तिने शेवटच्या पानावर बावीस विकल्प ओळीने लिहिले होते. पहिले नाव वाचून केंद्रावरच्या मुलाने माझ्याकडे पाहिले, आणि वडिलांनी तिच्याकडे.

"पयलं हेच काहून टाकलं? हे लागन काय आपल्याले?"

"मले तेच पाहिजे, बाबा. लागो की न लागो."

वडील काही बोलले नाहीत. बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि वीज जाण्याच्या बेतात होती. त्यांनी खिशातून शुल्काचे पैसे काढले, दोनदा मोजले आणि मुलासमोर ठेवून म्हणाले, "लाइन जायच्या आंधी टाक, भाऊ. जसं लिहिलं तसं."